सुरक्षा-दुरुस्ती संगणकापर्यंत का पोहोचत नाही?

परिपत्रक निघणे आणि त्या परिपत्रकाचा अंमल होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शिक्षण विभागात काही वर्षे काढलेल्या मनुष्यास समजावून सांगावयास नको. जावक बारनिशीत क्रमांक पडला, टपाल रवाना झाले, म्हणजे कागद केंद्रावर पोहोचला असे होत नाही. पोहोचला तरी तो वाचला गेला असे नाही. आणि वाचला गेला तरी त्याप्रमाणे शाळेत काही घडले असे तर मुळीच नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हीच अनुभवी माणसे असे धरून चालतात की, वरून आज्ञा सुटली की खालचे यंत्र ती तत्क्षणी पाळते. यंत्राला आळस नाही, रजा नाही, विसर नाही, असा हा समज आहे. तो खरा नाही. व त्याची किंमत केवढी पडू शकते हे २०१७ साली इंग्लंडमध्ये दिसून आले.

त्या वर्षी १२ मे रोजी, शुक्रवारी, तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या अनेक रुग्णालयांत संगणकाच्या पडद्यावर लाल रंगाची एक चौकट उमटली. यंत्रातील सर्व कागदपत्रे कुलूपबंद करण्यात आली आहेत, ती परत हवी असल्यास खंडणी भरावी, असा तिच्यातील मजकूर होता. ‘वॉनाक्राय’ ह्या नावाने हा उपद्रव पुढे जगभर ओळखला गेला. इंग्लंडमधील २३६ रुग्णालय-संस्थांपैकी निदान ८१ संस्थांना त्याची झळ लागली. रुग्णांच्या ६,९१२ भेटी रद्द झाल्याची प्रत्यक्ष नोंद मिळाली, व एकूण आकडा १९,००० च्या वर गेला असावा असा अंदाज करण्यात आला. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना नेहमीचे रुग्णालय सोडून लांबच्या ठिकाणी न्यावे लागले.

आता ह्या घटनेतील मर्माची गोष्ट ही की, ज्या छिद्रातून हा उपद्रव आत शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केली होती. म्हणजे पुरे ५९ दिवस हाती होते. इतकेच नव्हे, तर आरोग्यसेवेच्या संगणक विभागाने १७ मार्च व २८ एप्रिल ह्या दोन दिवशी ‘ही दुरुस्ती तत्काळ बसवा’ अशा सूचनाही धाडल्या होत्या. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने चौकशी केली, तेव्हा असे आढळले की, सूचना पाठविणाऱ्या खात्यापाशी त्या सूचनांचे पालन झाले की नाही हे पाहण्याची कोणतीही ठरलेली रीत नव्हती. औषध तयार होते, चिठ्ठी लिहून झाली होती, आणि रोग्याने ते घेतले काय, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

येथे ‘सुरक्षा-दुरुस्ती’ म्हणजे काय हे थोडे विशद करणे आवश्यक आहे. व्यवहारात जिला सर्वजण ‘अपडेट’ म्हणतात तीच ही. संगणकाच्या अंगभूत कार्यप्रणालीत, उदाहरणार्थ विंडोजमध्ये, लक्षावधी ओळींची रचना असते व तिच्यात चुका राहतात. त्यांपैकी काही चुका अशा असतात की, परक्या मनुष्याला त्यांतून यंत्रात प्रवेश मिळतो. चूक उघडकीस आली की कंपनी ती सुधारणारा भाग तयार करून प्रसिद्ध करते. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने ह्यासाठी महिन्याचा दुसरा मंगळवार नेमून ठेवला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवशी सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, झालेले असतात. म्हणून आपल्या कार्यालयांच्या दृष्टीने दुरुस्तीचा वार बुधवार समजावा. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की चोरालाही छिद्र नेमके कोठे होते ते कळते, आणि उशीर घातक ठरतो तो ह्याच कारणाने. छिद्र कोणालाच ठाऊक नसते त्या दिवसांपेक्षा, ते सर्वांना ठाऊक झाले आहे पण आपल्या यंत्रात बुजलेले नाही असे दिवस अधिक धोक्याचे असतात.

घरच्या संगणकावर ही दुरुस्ती परभारे येते. जेथे शेकडो संगणक आहेत अशा बँका, विद्यापीठे, रुग्णालये व मोठी कार्यालये मध्यवर्ती व्यवस्थापन ठेवतात. तेथे कोणती दुरुस्ती कोणत्या यंत्राला केव्हा द्यावयाची हे एका ठिकाणी ठरते. मध्यस्थ सर्व्हर कार्यालयातच असेल, किंवा इंटरनेटद्वारा चालणारी व्यवस्था असेल, तत्त्व एकच. ह्या व्यवस्थेत दुरुस्ती जाणूनबुजून थोडी रोखून धरण्याची सोय असते, आणि ती योग्यच आहे. प्रथम पाच-दहा यंत्रांवर चाचणी, नंतर एका विभागात, नंतर सर्वत्र, असा क्रम असतो. मासिक दुरुस्ती ह्या रीतीने कमाल ३० दिवस लांबविता येते. सर्वांना एकदम दिल्यास काय होते ह्याचे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी घडले. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षक कंपनीने आपली एक सदोष फाईल एकाच वेळी सर्व ग्राहकांस पाठविली व सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमान-प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. तात्पर्य, विलंब दिसला की तो दोषच आहे असे मानू नये. तो ठरवून केलेला आहे काय, हे आधी पाहावे. कित्येकदा तक्रारीचे उत्तर नियमावलीतच सापडते. चाचणीच्या वेळी कोणीतरी ‘तूर्त थांबवा’ असे बटण दाबलेले असते आणि ते सोडावयाचे राहून गेलेले असते. मंजुरी देणारा कर्मचारी दीर्घ रजेवर गेल्यामुळे महिनाभराच्या दुरुस्त्या मंजुरीवाचून पडून राहण्याचे प्रकारही घडतात. यंत्राला रजा नसते, पण त्याच्या मालकाला असते.

विलंब ठरवून केलेला नसेल तर मात्र तो कोणत्या टप्प्यावर झाला हे शोधले पाहिजे. टप्पे थोडेच आहेत: मंजुरी, यंत्राची सर्व्हरशी गाठ, दुरुस्ती उतरवून घेणे, ती बसविणे, यंत्र नव्याने सुरू होणे, आणि झाल्याचे वृत्त वर जाणे. अनुभवशून्य तंत्रज्ञ ह्यांतील चौथ्या टप्प्यावर तुटून पडतो. फाईली पुसतो, सर्व काही पुनःपुन्हा बसवितो. वास्तविक बहुसंख्य यंत्रे दुसऱ्या व पाचव्या टप्प्यावर अडलेली असतात.

शिक्षकास हे पट व उपस्थिती ह्यांच्या भाषेत चटकन समजेल. पटावर चाळीस मुले आहेत, लसीकरणाच्या दिवशी बत्तीस हजर होती व त्या सर्वांना लस दिली गेली. तर काम शंभर टक्के झाले की ऐंशी टक्के? मध्यवर्ती व्यवस्थेचा अहवाल पुष्कळदा पहिले उत्तर देतो. जे यंत्र कित्येक दिवसांत सर्व्हरशी बोललेलेच नाही ते त्याच्या हिशेबातून गळून पडते, आणि उरलेल्यांचे प्रमाण पाहून प्रमुख संतुष्ट होतो. म्हणून निदानाचा आरंभ पडद्यावरील हिरव्या रंगापासून न करता जडवस्तु-संग्रह नोंदवहीपासून करावा. नोंदवहीत संगणक किती, व्यवस्थापनाच्या यादीत किती, आणि गेल्या सात दिवसांत त्यांपैकी किती यंत्रांनी हजेरी लावली, हे तीन आकडे शेजारी-शेजारी लिहिले की निम्मे कोडे सुटते. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा प्रत्यक्ष डोकी मोजण्याचे महत्त्व शिक्षण विभागाने चांगलेच जाणले आहे. संगणकांनाही तोच न्याय लागू आहे.

यंत्र हजेरी का लावत नाही? बहुधा ते बंद असते म्हणून. ही गोष्ट सांगण्यास फार साधी, परंतु कागदोपत्री ती क्वचितच दिसते. स्वतःचा सर्व्हर असलेल्या मांडणीत संगणक साधारणतः २२ तासांनी एकदा सर्व्हरकडे चौकशी करतो. तेवढ्यात दुरुस्ती कळली तरी ती उतरण्यास व बसण्यास अवधी लागतो. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार, दुरुस्ती निघाल्यानंतर संगणक सलग किमान दोन तास व एकूण सहा तास चालू आणि जोडलेला राहिला, तरच ती खात्रीने बसते. वेतनदेयकाच्या आठवड्यात अर्धा तास उघडावयाचा व पुन्हा झाकून ठेवावयाचा, अशा लॅपटॉपला हा योग महिनोन्‌महिने येत नाही. शिवाय तो मोबाईलच्या इंटरनेटवर जोडलेला असेल व ती जोडणी ‘मोजून वापरावयाची’ म्हणून नोंदलेली असेल, तर विंडोज स्वतःच मोठ्या फाईली उतरविण्याचे टाळते. पैसे वाचावेत म्हणून केलेली ही सोय अशा ठिकाणी आड येते.

ह्याहून गंमतीचा प्रकार वेळेच्या बाबतीत आहे. कर्मचाऱ्याच्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून विंडोजच्या मूळ मांडणीत सकाळी ८ ते सायंकाळी ५ हे ‘कामाचे तास’ धरलेले असतात; त्या वेळात यंत्र आपण होऊन नव्याने सुरू होत नाही. ते रात्रीची वाट पाहते. आणि आपल्या कार्यालयांत तर सायंकाळी कुलूप लावताना शिपाई भिंतीवरील मुख्य बटण बंद करून जातो. विजेची बचत व आगीची भीती ह्या दोन्ही कारणांनी तसा त्याला आदेशच असतो. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी शहाणपणाच्या आहेत. त्या दोहोंच्या मध्ये दुरुस्ती मात्र जन्मभर तिष्ठत राहते. ह्यावर उपाय म्हणजे आठवड्यातील एक दिवस, शक्यतो दुसऱ्या मंगळवारानंतरचा, ठरवून त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत यंत्रे चालू ठेवून मुद्दाम नव्याने सुरू करणे. शिपायाच्या आदेशात फरक करण्याची गरज पडत नाही.

नव्याने सुरू करणे आणि बंद करून पुन्हा चालू करणे ह्यांतही भेद आहे. गटशिक्षण कार्यालयातील एखादा प्रसंग असा कल्पावा. तंत्रज्ञ दूरध्वनीवरून विचारतो, “भाऊसाहेब, संगणक रीस्टार्ट केलात का?” भाऊसाहेब किंचित दुखावून म्हणतात, “अहो साहेब, रोज संध्याकाळी बंद करूनच घरी जातो मी. तसाच टाकून जाणाऱ्यांतला नाही.” भाऊसाहेब खोटे बोलत नाहीत. परंतु विंडोजमध्ये यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची एक योजना आहे. ती चालू असता ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्णतः बंद न होता आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते व सकाळी तीच उचलून घेते. दुरुस्तीचा जो भाग गाभा नव्याने भरला गेला तरच लागू होतो, तो अशाने लागू होत नाही. ‘रीस्टार्ट’ने तो लागू होतो. प्रामाणिकपणे दररोज यंत्र बंद करणाऱ्याचे यंत्र मागे राहावे, हा योग विचित्र असला तरी खरा आहे. आणि तंत्रज्ञाने ह्यावरून कर्मचाऱ्यास खोटे पाडू नये.

शाळांच्या संगणक-कक्षांत दोन कारणे विशेष आढळण्याजोगी आहेत. पहिले कारण नाण्याएवढ्या बॅटरीचे. संगणक बंद असताना त्यातील घड्याळ एका छोट्या बॅटरीवर चालते. यंत्र काही वर्षांचे झाले की ती संपते, आणि सुरू होताच यंत्र आपली तारीख दहा-पंधरा वर्षे मागची समजू लागते. दुरुस्ती देणाऱ्या सर्व्हरशी बोलताना परस्परांची ओळखपत्रे तपासली जातात व त्या ओळखपत्रांना मुदत असते. मागच्या तारखेत वावरणाऱ्या यंत्राला आजचे ओळखपत्र अद्याप सुरूच न झालेले दिसते, म्हणून ते संबंध नाकारते. पडद्यावर मात्र कसलातरी लांबलचक त्रुटी-क्रमांक येतो, व त्यावरून तंत्रज्ञ भलतीकडेच भरकटतो. कोपऱ्यातील तारीख पाहण्यास एक क्षण लागतो; तो सर्वांच्या आधी खर्च करावा.

दुसरे कारण नकलांचे. कक्षातील वीस यंत्रांवर वीस वेळा विंडोज बसविण्याचा त्रास चुकविण्यासाठी एक यंत्र सिद्ध करून त्याची डिस्क इतर एकोणीस यंत्रांत उतरविण्याची पद्धत आहे. ही पद्धत चुकीची नव्हे. परंतु नक्कल घेण्यापूर्वी यंत्राची स्वतःची ओळख पुसून टाकावी लागते, व घाईत ते राहते. मग वीसही यंत्रे मध्यवर्ती सर्व्हरला एकच ओळख-क्रमांक सांगतात. वीस मुलांनी एकाच नावाला ‘हजर’ म्हणावे तसे हे होते. सर्व्हरच्या यादीत कधी एक यंत्र दिसते, दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसऱ्याचे नाव दिसते, आणि कोणाला काय मिळाले ह्याचा मेळ बसत नाही. अशा वेळी प्रत्येक यंत्रातील जुना क्रमांक काढून टाकून सर्व्हरकडे नव्याने नोंदणी करविणे हाच इलाज. एकेका यंत्राची ‘दुरुस्ती’ करीत बसल्यास महिना जाईल.

डिस्क भरली असणे हे कारण सर्वांना ठाऊक आहे. त्यावर अधिक लिहिणे नको.

एक गुंतागुंतीचे कारण मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, ते दोन मालकांचे. कार्यालयाने पूर्वी स्वतःचा सर्व्हर ठेवलेला असतो व प्रत्येक यंत्राला त्याचा पत्ता दिलेला असतो. पुढे इंटरनेटद्वारा चालणारी नवी व्यवस्था येते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या जुन्या डब्ल्यूएसयूएस सर्व्हरचा पुढील विकास थांबविल्याचे जाहीर केल्यापासून हे स्थलांतर अनेक ठिकाणी चालू आहे. नवी व्यवस्था लागू होते, जुना सर्व्हर उचलून कोपऱ्यात ठेवला जातो, पण काही यंत्रांतील जुना पत्ता पुसला जात नाही. अशी यंत्रे रिकाम्या घराचे दार ठोठावीत राहतात. बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या नावे टपाल पाठवीत राहण्यासारखेच हे आहे. नव्या व्यवस्थेच्या पटलावर यंत्र हजर दिसते, कारण इतर सर्व बाबतींत ते तिच्याच आज्ञेत असते; केवळ दुरुस्ती कोठून घ्यावयाची ह्या एका बाबतीत ते जुन्या धन्याला धरून असते. यंत्र नियमितपणे हजेरी लावते आणि तरीही मागे आहे, असे दिसताच हा संशय प्रथम घ्यावा. जुन्या सर्व्हरच्याच मांडणीत ह्याचा एक जुळा प्रकार आहे: कार्यालयात विंडोज ११ ची नवी यंत्रे आली, परंतु सर्व्हरवर त्या आवृत्तीच्या दुरुस्त्या मागविण्याची खूण कोणी केली नाही. मग ह्या यंत्रांसाठी सर्व्हरपाशी काहीच नसते, आणि काहीच देणे नसल्यामुळे अहवाल त्यांना निर्दोष ठरवितो.

थोडी यंत्रे मागे राहिली तर बिघडले कुठे, असा प्रश्न सहज येतो. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच मिळाले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा उपद्रव मर्स्क ह्या जहाज-कंपनीच्या जगभरच्या संगणकांत पसरला व न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम थंडावले. वॉनाक्रायने वापरलेले छिद्र ह्यानेही वापरले. परंतु एकदा आत शिरल्यावर तो त्या यंत्राच्या स्मृतीतील पासवर्ड चोरीत असे, आणि त्यांच्या बळावर दुरुस्ती बसविलेल्या यंत्रांतही जात असे. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. शंभरांतील दोन यंत्रे मागे राहिली तर धोका दोन टक्के, हे गणित येथे चालत नाही. त्या दोनांपैकी एकावर विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादी किंवा वेतनाचे काम असेल, तर तोट्याचा हिशेब आणखी वेगळा होतो.

काही यंत्रांच्या बाबतीत शोध घेणेच व्यर्थ असते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव मुदतीची स्वतंत्र नोंदणी केली नसेल तर अशा यंत्राला मासिक सुरक्षा-दुरुस्ती येतच नाही. तेथे विलंब नसून पुरवठाच थांबलेला आहे. त्याची आवृत्ती बदलावी, वाढीव मुदत घ्यावी, अथवा ते नेटवर्कपासून अलग करावे.

उरलेल्या यंत्रांसाठी तंत्रज्ञाकडे तक्रार करताना ‘अपडेट होत नाही’ एवढेच लिहू नये. त्यावरून कोणासही काही बोध होत नाही. यंत्राचे नाव, पडद्यावरील तारीख व वेळ, ते सर्व्हरशी शेवटचे केव्हा बोलले तो दिवस, शेवटचे नव्याने केव्हा सुरू केले तो दिवस, डिस्कवर उरलेली जागा, बसलेल्या शेवटच्या दुरुस्तीचा ‘केबी’ने सुरू होणारा क्रमांक, आणि त्रुटी-क्रमांक दिसत असल्यास तो अक्षरशः उतरवून घेऊन, एवढे कळवावे. हा मजकूर पोस्टकार्डावर मावेल इतकाच आहे. दुरुस्ती झाल्याचे उत्तर आले की त्याच यंत्रासमोर बसून तो केबी-क्रमांक पुन्हा पाहावा आणि नोंदवहीत तारीख घालून सही करावी.